मार्गदर्शकाच्या पाठीशी : होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची पन्नास वर्षे

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे नाव काढले की बहुतेकांना आधी ऑलिंपियाड आठवते. ते साहजिकच आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांना जाणाऱ्या भारतीय संघांची निवड आणि तयारी या केंद्राकडे असते, मुले पदके घेऊन परततात आणि वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो येतात. सुवर्णमहोत्सवी इतिहास लिहिताना पदकांचा तक्ता देऊन मोकळे होता आले असते. पण १९७४ पासूनचे काम सलग पाहिले, तर संस्थेचा सगळ्यांत चिवट उद्योग वेगळाच दिसतो आणि त्याचा फोटो कुठे छापून येत नाही. विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न घेऊन स्वतःच्या हातांनी काही शोधायचे असेल, तर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाला काय लागते, या प्रश्नाभोवती केंद्र पन्नास वर्षे घुटमळत आले आहे. कधी ठरवून, कधी भलत्याच वाटेने जाऊन. माझे म्हणणे असे की, केंद्राने जिथे शिक्षकाला बरोबर घेतले तिथे काम रेंगाळले, पण पुढच्या कामाला धरायला काही उरले. जिथे शिक्षकाला वळसा घालून थेट विद्यार्थ्याला गाठले, तिथे यश डोळ्यांत भरण्याजोगे आले, पण ते बहुतांशी त्या मुलांपुरतेच राहिले. ही मांडणी माझी आहे; संस्थेची अधिकृत भूमिका म्हणून कोणी ती वाचू नये.

केंद्राचे मूळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथले काही शास्त्रज्ञ मुंबईतील महापालिका शाळांच्या विज्ञान शिक्षणात लक्ष घालू लागले होते. प्रा. भा. मा. उदगावकर आणि प्रा. वि. गो. कुलकर्णी हे त्यांतले प्रमुख. दोघेही भौतिकशास्त्रज्ञ, आणि दोघांनाही मराठीतून विज्ञान सांगण्याची आस्था. उदगावकर पुढे मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षही झाले. पालिका शाळांतील या कामासाठी ‘बॉम्बे असोसिएशन फॉर सायन्स एज्युकेशन’ नावाचा एक गट उभा राहिला. याच सुमारास, १९७२ मध्ये, मध्य प्रदेशात किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील १६ उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि टाटा संस्थेतील शास्त्रज्ञ त्यातही सामील झाले. शास्त्रज्ञ आणि खेड्यातला शिक्षक एकाच चटईवर बसून प्रयोग करत आहेत, हे दृश्य तेव्हा नवे होते. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने १९७४ मध्ये केंद्र सुरू झाले ते या अनुभवाच्या बळावर. सुरुवातीची जागा नाना चौकातील महापालिकेच्या शाळेत होती. कुलाब्याला समुद्राकाठी असलेल्या प्रशस्त संशोधन संस्थेचे हे अपत्य पालिकेच्या शाळेत वाढले, याला मी निव्वळ जागेची अडचण मानत नाही. जिन्यात रोज शिक्षक भेटत असतील तर त्यांच्याविषयीचे सिद्धान्त जरा जपूनच मांडले जातात.

पहिली मोठी कसोटी खिरोद्यात लागली. जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील हे गाव आणि त्याभोवतालच्या सुमारे तीस ग्रामीण शाळा केंद्राने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कामासाठी निवडल्या. मुंबईपासून चारशे किलोमीटरवरचा हा केळीचा पट्टा. तिथे शास्त्रज्ञांनी रोज जाऊन वर्ग घेणे शक्यच नव्हते. म्हणजे जे काही व्हायचे ते तिथल्या शिक्षकांमार्फतच व्हायचे होते, आणि अंतराची ही सक्ती माझ्या मते केंद्राच्या पथ्यावर पडली. त्या काळी शिक्षक प्रशिक्षणाची रूढ रीत ठरलेली होती. मे महिन्यात आठ-दहा दिवस तालुक्याच्या गावी बोलवायचे, तज्ज्ञांची व्याख्याने ठेवायची, प्रमाणपत्र द्यायचे आणि जूनमध्ये सगळ्यांनी आपापल्या शाळेत मागच्या पानावरून पुढे चालू करायचे. त्या रीतीत शिक्षकाची अडचण ‘त्याला विषय कमी येतो’ एवढीच धरलेली असते. ग्रामीण शाळांत प्रत्यक्ष उतरल्यावर मात्र दुसरीच गोष्ट ठळक होते. वर्गात प्रयोग फसला, मुलाने अनपेक्षित प्रश्न विचारला, पुस्तकातले उत्तर समोर दिसणाऱ्या गोष्टीशी जुळेना, अशा वेळी शिक्षकाला विचारायला कोणीच नसते. तज्ज्ञ मे महिन्यात भेटतात, प्रश्न मात्र ऑगस्टमध्ये पडतो. शिक्षकाला द्यायच्या आधाराची सगळी चर्चा अखेर या तीन महिन्यांच्या अंतरावर येऊन थांबते.

ऐंशीच्या दशकात केंद्राने जे केले ते वरवर पाहता माझ्या मांडणीला छेद देणारे आहे, म्हणून त्याचा विचार टाळता येणार नाही. मुंबईच्या महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलामुलींमधून काही जणांची निवड करून केंद्राने त्यांना आठवी ते दहावी स्वतः शिकवले. शालान्त परीक्षेतील त्यांची कामगिरी लक्षणीय सुधारली. ज्यांच्याबद्दल ‘या मुलांना विज्ञान झेपणार नाही’ असे सर्रास बोलले जाई, त्यांनीच ते बोलणे खोटे ठरवले. मग शिक्षकाला सोबत घेण्याचा एवढा आग्रह कशासाठी? चांगल्या लोकांनी मुलांना थेट शिकवावे, प्रश्न मिटला, असे कोणी म्हणेल. पण या उपक्रमाचे खरे मोल केवळ गुणपत्रिकांत नव्हते. मुले कुठे अडतात याचे बारीक निरीक्षण त्यात झाले. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठ्यपुस्तकांच्या भाषेवर बोट ठेवले. संस्कृतप्रचुर परिभाषा आणि लांबलचक वाक्ये घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाला विषयाच्या उंबरठ्यावरच अडवतात, हे त्यांनी मजकूर सोपा करून आणि आकलन तपासून दाखवले. हे निरीक्षण केंद्राच्या वर्गातच राहिले असते, तर त्याचा लाभ तेवढ्याच मुलांना झाला असता. शिक्षकाच्या हाती पडल्यावर ते हजारो वर्गांत पोचू शकते. मुले म्हणजे प्रयोगाचे विषय आणि शिक्षक म्हणजे निष्कर्षाचा वाहक, अशी ही कामाची वाटणी होती. तिच्यात एक उणीव राहिली. शिक्षकाला निष्कर्ष मिळाला, पण तो काढण्याची रीत त्याच्या हाती आली नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षे केंद्राची पावले ही उणीव भरून काढण्याच्या दिशेने पडलेली दिसतात.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीस केंद्र मानखुर्दला स्वतःच्या वास्तूत आले आणि १९९४ पासून अरविंद कुमार यांच्या संचालकपदाच्या काळात ऑलिंपियाडचे काम वाढत गेले. १९९८ मध्ये भारताचा पहिला संघ भौतिकशास्त्राच्या ऑलिंपियाडला गेला, पाठोपाठ रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे संघ गेले. २००१ मध्ये रसायनशास्त्राचे, २००८ मध्ये जीवशास्त्राचे आणि २०१५ मध्ये भौतिकशास्त्राचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईत भरले. हा भाग सर्वांना माहीत आहे, म्हणून त्यावर मी रेंगाळत नाही. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की या स्पर्धांसाठी लागणारे प्रश्न आणि प्रयोग तयार करायला केंद्राने देशभरातील महाविद्यालयीन शिक्षकांना बोलावले आणि त्यासाठी खास शिबिरे भरवली. वर्षानुवर्षे ठरलेली प्रात्यक्षिके ठरलेल्या वहीत उतरवून घेणारा शिक्षक तिथे पहिल्यांदा नवा प्रयोग रचायला बसतो. उपकरण हवे तसे चालत नाही, वाचने विखुरतात, सहकारी हरकत घेतो, मग मांडणी बदलावी लागते. पदकांशी याचा संबंध दूरचा. पण प्रयोग रचताना स्वतः अडखळलेला माणूस विद्यार्थ्याच्या अडखळण्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. ऑलिंपियाडसारख्या हुशार मुलांच्या स्पर्धेतूनही केंद्राला शिक्षकासाठी एक दार सापडले, हे नोंदवले पाहिजे.

२००४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स’ सुरू झाले आणि विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र संशोधनाचा प्रश्न थेट समोर आला. निवडलेली मुले मानखुर्दच्या शिबिरात येतात, त्यांतली काही एखादा प्रकल्प घेऊन वर्ष-दोन वर्षे मार्गदर्शकाबरोबर काम करतात. त्यांतल्या अनेकांना विज्ञानाची गोडी लागली, यात शंका नाही. मर्यादाही उघड आहे. मार्गदर्शक मोजके, जागा मोजक्या आणि मुलाच्या स्वतःच्या महाविद्यालयात परिस्थिती जैसे थे. विद्यार्थी सुट्टीत शोध घेतो आणि सत्र सुरू झाले की ‘निष्कर्ष : नियम सिद्ध झाला’ असे वहीत लिहितो. दुसऱ्या दिशेने पाहायचे तर याच काळात आलेल्या २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याकडे पाहावे. त्याच्या विज्ञानविषयक गटाचे अध्यक्ष अरविंद कुमारच होते. बाल विज्ञान परिषदेसारख्या उपक्रमांचा देशभर मोठा विस्तार करावा आणि त्यात विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांचीही सर्जनशीलता मोकळी व्हावी, अशी शिफारस त्यात आहे. बाल विज्ञान परिषद १९९३ पासून चालते. दहा ते सतरा वर्षांची मुले आपल्या परिसरातला प्रश्न घेतात, मार्गदर्शक शिक्षकाच्या सोबतीने काम करतात आणि आपल्या भाषेत मांडतात. मानखुर्दच्या शिबिरात प्रश्नाची खोली साधते, परिषदेत मुलांची संख्या साधते. दोन्ही एकत्र हवे असेल, तर शिक्षकाला बळ देण्यावाचून गत्यंतर नाही.

हे बळ कसे द्यायचे, याचा सगळ्यांत बोलका नमुना केंद्राच्या ‘क्यूब’ या उपक्रमात सापडतो. पदवीच्या जीवशास्त्राचे विद्यार्थी आणि शिक्षक यांनी मिळून साध्या सजीवांवर संशोधन करायचे, असा हा कार्यक्रम. त्यात फळमाशी आहे, गांडूळ आहे, डबक्यातले सूक्ष्म कवचधारी आहेत. फळमाशीचेच घेऊ. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत जास्त पिकलेल्या केळ्याचा तुकडा टाकून ठेवला की एक-दोन दिवसांत माश्या जमतात. रवा आणि गूळ शिजवून केलेल्या खाद्यावर त्या वाढवता येतात, बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा पुरतो. पंचवीस अंश तापमानाला साधारण दहा दिवसांत अंड्यापासून नवी माशी तयार होते. महागडी प्रयोगशाळा लागत नाही, स्वयंपाकघरातला डबा उघडला तरी भागते. आता समजा, एका विद्यार्थिनीने ठरवले की माश्यांना केळे जास्त आवडते की गूळ, ते पाहायचे. दुसऱ्या दिवशी ती सांगते, केळ्याच्या बाटलीत माश्या जास्त आहेत. इथे मार्गदर्शकाचे काम सुरू होते, आणि त्यासाठी त्याला उत्तर माहीत असण्याची गरज नाही. दोन्ही बाटल्या एकाच जागी होत्या का? एक खिडकीजवळ होती का? केळ्याचा तुकडा आणि गुळाचा खडा सारख्या वजनाचे होते का? काहीच न ठेवलेली तिसरी बाटली का नाही? पुन्हा केल्यावर तसेच येते का? हे प्रश्न विचारता येणे हीच मार्गदर्शकाची विद्या. आणि ती व्याख्यानातून येत नाही.

पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत त्या रव्या-गुळावर हमखास बुरशी येते. ज्या शिक्षकाने हे कधी केलेले नाही, त्याच्या लेखी तिथे प्रकल्प संपला. मुलाला दुसरा विषय दिला जातो किंवा इंटरनेटवरून तयार माहिती उतरवली जाते. ज्याने स्वतःच्या चार बाटल्या फेकल्या आहेत तो म्हणतो, सगळ्याच बाटल्यांवर आली का, अळ्या जास्त असलेल्या बाटलीत कमी का दिसते, हे मोजता येईल का? अपयशाकडे निरीक्षण म्हणून पाहण्याची ही सवय एकट्याने टिकत नाही. क्यूबमध्ये वेगवेगळ्या महाविद्यालयांतले विद्यार्थी आणि शिक्षक ‘चॅटशाळा’ नावाच्या ऑनलाइन बैठकीत आपापल्या बाटल्यांविषयी बोलतात. ऑगस्टमधल्या प्रश्नाला ऑगस्टमध्येच कोणीतरी भेटते. खिरोद्याच्या काळी पत्र पोचायलाच आठवडा गेला असता. शिवाय तिथे शिक्षकही सर्वांसमोर ‘मला माहीत नाही, करून पाहू’ असे म्हणू शकतो. आपल्याकडे वर्गातल्या शिक्षकाची प्रतिष्ठा उत्तर देण्याशी इतकी घट्ट बांधलेली आहे, की ही मुभा मिळणे हाच फार मोठा आधार आहे.

यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा की, ज्या देशात पाचवीच्या अनेक मुलांना दुसरीचे पुस्तक धड वाचता येत नाही, तिथे संशोधन प्रकल्पांची चैन कशाला? हा आक्षेप ‘आधी पाया, मग कळस’ या क्रमावर उभा आहे. पण मोजणे, नोंद ठेवणे, आपण काय केले ते स्वतःच्या शब्दांत लिहिणे, दुसऱ्याने लिहिलेले वाचून त्यावर शंका घेणे, ही पायाभूत कौशल्येच आहेत, आणि स्वतःचा प्रश्न असला की मुले ती जास्त मन लावून करतात. केंद्राचा भाषेविषयीचा अनुभवही हेच सुचवतो की पाया कच्चा राहण्याचे एक कारण मजकूर मुलाच्या जगाशी न जोडणे हे होते. दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे : महाराष्ट्रात प्रकल्प म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. अकरावी-बारावीच्या पर्यावरणाच्या प्रकल्पवह्या तयार मिळतात, विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी वडिलांनी रात्री जागून केलेला असतो, आणि आता तर संगणकाला सांगितले की तो अख्खा अहवाल लिहून देतो. हे सारे खरे आहे. पण वही विकत आणली जाते कारण ती वाचणारा कोणी नसतो, तिच्यावर फक्त सही होते. ज्या शिक्षकाने त्या मुलीची दुसऱ्या आठवड्यातली बुरशी पाहिली आहे, त्याच्यापुढे तयार अहवाल टिकत नाही. फसवणूक रोखण्याचा उपाय नियमावलीत शोधण्यापेक्षा मार्गदर्शकाच्या नियमित सहवासात शोधावा, हे तर उलट माझ्या मुद्द्याच्याच बाजूचे आहे.

तिसरा आक्षेप शिक्षकांकडूनच येतो आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी, रोज नव्या ॲपवर भरायची माहिती, हे सगळे उरकून वर संशोधनाचे मार्गदर्शन कधी करायचे? इथे शिक्षकाच्या उत्साहाचे गोडवे गाऊन भागत नाही. पदरमोड करून आणि रविवार देऊन काम करणारे शिक्षक नेहमीच असतात, पण त्यांच्या भरवशावर व्यवस्था उभी करणे म्हणजे त्यांच्या चांगुलपणाचा गैरफायदा घेणे होय. केंद्राने शाळांसाठी आखलेल्या ‘विज्ञान प्रतिभा’ या अलीकडच्या कार्यक्रमात या अडचणीला काही अंशी उत्तर आहे. केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि अणुऊर्जा शिक्षण संस्थेच्या शाळांतील आठवी ते दहावीच्या मुलांसाठी तो आहे. त्यात शिक्षक आधी कार्यशाळेत स्वतः त्या कृती करतात आणि मग शाळेत मुलांबरोबर करतात. साहित्य हाती तयार असते, कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागत नाही. श्रम वाचतात, वेळ मात्र त्यातूनही निर्माण होत नाही. शिवाय या शाळा केंद्र सरकारच्या आहेत. जिल्हा परिषदेच्या आणि खासगी अनुदानित शाळांतला, म्हणजे महाराष्ट्रातला बहुसंख्य शिक्षक अजून बाहेरच आहे. खिरोद्यात ज्याच्यापासून सुरुवात झाली तोच हा शिक्षक, हे केंद्राच्या पन्नास वर्षांच्या ताळेबंदात नावे बाजूला मांडावे लागेल.

महाविद्यालयांत तर हा प्रश्न आता पुढे ढकलता येण्याजोगा राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे. आजवर मानखुर्दच्या शिबिरातल्या मोजक्या मुलांना जे मिळत होते, ते तालुक्याच्या महाविद्यालयातला विद्यार्थी आता हक्काने मागू शकेल. त्याच्यासमोरचा प्राध्यापक पीएच.डी. झालेला असेलही, पण पीएच.डी. करणे आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला त्याचा स्वतःचा प्रश्न सापडेपर्यंत थांबणे या दोन निरनिराळ्या कला आहेत. पहिली येते म्हणून दुसरी आपोआप येत नाही. ऑलिंपियाडच्या शिबिरांत प्रयोग रचणारे, क्यूबमध्ये बाटल्या फेकणारे शिक्षक इथे उपयोगी पडू शकतात. प्रत्येक जिल्ह्यात असे चार-पाच जण असले तरी इतरांना विचारायला कोणी मिळेल. पण आयोगाच्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तासांचे प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते आणि पदोन्नतीच्या अर्जात त्याच्या स्वतःच्या शोधनिबंधांना भरपूर गुण मिळतात. विद्यार्थिनीच्या तिसऱ्या बाटलीविषयी तिच्याशी बोलण्यात घातलेला अर्धा तास त्या वेळापत्रकात कुठल्या रकान्यात लिहायचा, हे विद्यापीठांना आता ठरवावे लागेल, आणि ते ठरवताना मानखुर्दला विचारले जाते का, यावर केंद्राची पुढची काही वर्षे बऱ्याच अंशी अवलंबून आहेत.